बारावीतला गे मुलगा, उद्यमनगरातला बाप आणि वाटणीला आलेलं घर: कादंबरीवर मतं हवीत

संध्यामठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धागा काढतोय. कादंबरी लिहायला घेतलीय. कोल्हापुरातली. नायक बारावीतला, गे. इथं कोल्हापूर-सांगलीकडची बरीच मंडळी आहेत, म्हणून आधी इथंच मांडतो. झोडपायचं तर झोडपा, फक्त वाचून झोडपा.

आधी माझी तक्रार. मराठीत या विषयावर चांगलं लिहिलं गेलेलं नाही असं नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची, घरात राहायला आलेल्या पेइंग गेस्टच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. दोन्ही मला आवडतात. पण सीईटीचा क्लास, घरातला एकच बाथरूम, बापाकडं मागायचे पेट्रोलचे शंभर रुपये, या वयातलं आणि या थरातलं फारसं हाती लागत नाही.

ऑनलाइन ज्या कथा येतात त्यांचा तर साचाच ठरलाय. एकात पोरगं शेवटी जीव देतं. दुसरीत बाप थोबाडीत देतो, पोरगं रातोरात पुण्याची एसटी धरतं आणि पुढच्याच भागात हिंजवडीत नोकरीला. तिसरीत आई डॉक्टरकडं नेते, डॉक्टर दोन पानं भाषण ठोकतात, आई रडते, मिठी, समाप्त. या सगळ्यांत घर म्हणजे पोराला एकतर हाकलायला नाहीतर कवटाळायला टपून बसलेलं काहीतरी. घराला दुसरा उद्योगच नाही! माझ्या बघण्यातल्या घरांना शंभर उद्योग असतात. हप्ते थकलेले असतात, जावाजावांचं बोलणं बंद असतं, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललेलं असतं. पोराचं गे असणं या सगळ्याच्या मधे येऊन पडतं. कुणाला ते कळतं, कुणाला कळून न कळल्यासारखं करायचं असतं, आणि कुणीतरी ते उद्या उपयोगी पडेल म्हणून बाजूला ठेवून देतं. मला हे शेवटचं लिहायचंय.

गोष्ट अशी. सुजित, सतरा पूर्ण. शाहूपुरीत जुनं घर, आजोबांच्या नावावर. आजोबा गेले. वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, लेथवर (धातू कातायचं मशीन) फाउंड्रीत ओतून आलेल्या कास्टिंगचं जॉबवर्क. साल २०१९, गाड्यांचा खप बसलेला, फाउंड्र्यांनी पाळ्या कमी केलेल्या, वर्कशॉपवर कर्ज. काका राजारामपुरीत फ्लॅटमधे, त्यांना जुनं घर बिल्डरला द्यायचंय. गडहिंग्लजच्या आत्याकडून हक्कसोड पत्रावर (आपला वाटा सोडल्याचा कागद) सही हवीय, ती देईना. दोन भावांत बोलणं नाही. अशात ऑगस्टचा महापूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५च्याही वर गेलं, शाहूपुरीतलं घर बुडालं आणि ज्या काकाशी बोलणं नव्हतं त्याच्याच दोन खोल्यांत सगळं खटलं जाऊन पडलं. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, लाइट नाही.

क्लासमधला ओंकार हा सुजितचा मित्र. म्हणजे मित्रच, पण दोघांनाही कळायला लागलंय की नुसतं तेवढंच नाही. काकूला ते सुजितच्या मोबाईलवरनं कळतं. प्रश्न असा, की पुढं वाटणीच्या भांडणात ती हे बाहेर काढेल की नाही? माझे दोन्ही बाजूंनी मसुदे लिहून तयार आहेत आणि दोन्ही पटतात, हीच पंचाईत आहे.

कट्टा_भडंग

पहिला! धागा भारी आहे. फक्त एक विनंती भावा, कोल्हापूर म्हणून तांबडा-पांढरा, चप्पल आणि तालीम घालू नको. सिनेमावाल्यांनी आधीच पिळून घेतलंय आम्हाला. थोरला भाऊ पैलवान असला तर मी पुस्तक मिटणार.

संध्यामठ

थोरला भाऊ नाहीच. धाकटी बहीण आहे, दहावीत. आणि पुरात मटण कुठलं, खिचडी आणि बिस्किटांचे पुडे.

जॉबवर्कवाला

उद्यमनगरात आमचं शॉप आहे म्हणून लिहितोय. २०१९चं तुम्ही बरोबर पकडलंय. गणपतीच्या तोंडावर पाळी बंद, कामगारांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न. ते वर्ष बापाच्या डोक्यात असणार, पोरगं नंतर. वर पुराचं पाणी ज्यांच्या शॉपमधे शिरलं त्यांनी मोटारी उघडून वाळवत घातलेल्या.

काकूचं मला सांगता येणार नाही. बापाचं सांगतो. आमच्याकडं पोराचं काहीतरी बिनसलंय असं वाटलं की बाप विचारत नाही. 'उद्यापासनं शॉपवर येत जा' म्हणतो. झालं. त्याच्या मते मशीनवर उभा केला की सगळं सुधारतं. आणि पहिल्या दिवशी काय सांगेल, तर फुल बाह्या दुमड, गळ्यातलं काढ, हातातलं काढ. लेथवर हातमोजेसुद्धा घालत नाहीत, जॉबमधे कापड अडकलं की हात आत ओढला जातो. आता त्या वर्षी फ्रेंडशिप डे ४ ऑगस्टला होता, पुराच्या आदल्या दिवसांत. ओंकारनं बांधलेला बँड पोराच्या हातात असेलच की. बाप म्हणेल, 'ते काढ.' पोराला वाटेल ह्यांना कळलं. बापाला खरंच कळलंय की तो नुसता मशीनचा नियम सांगतोय, ते वाचणाऱ्याला पण कळू देऊ नका. बँड बाप कुठं ठेवेल? व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, म्हणजे मापाची नाजूक हत्यारं ठेवायच्या खणात. तिथं तेलकट हातानं कुणी हात घालायचा नाही असा प्रत्येक शॉपमधे नियम असतो.

संध्यामठ

हे मी चोरणार. नाव आत्ताच सांगून ठेवा, आभारात घालतो.

जॉबवर्कवाला

नाव नको. घरात विचारतील कुठल्या पुस्तकात आलंय.

सुज्ञ_पालक

विषय चांगला मांडलाय पण एक विचारू का? बारावीतल्या मुलांच्या हातात हे द्यायची गरज आहे का? आधीच मोबाईलनं डोकी फिरलीत. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात हे असलं साहित्य?

तिकटी

तुमच्या वेळी होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

वाचनवेडी

आणि महाराजांचंच नाव घेताय तर त्यांनी १९१९ साली संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली तेव्हाही 'हे असलं' म्हणणारे गावात होतेच.

कट्टा_भडंग

महाराजांना दोन्ही बाजूंनी ओढू नका राव. प्रत्येक धाग्यावर तेच. कादंबरीवर बोला.

मनोविकारतज्ज्ञ_सांगली

सुज्ञ_पालक, वाचून कुणी गे होत नाही, तसं असतं तर आजवरची सगळी मुलगा-मुलगीच्या प्रेमाची पुस्तकं वाचून एकही गे उरला नसता. आजारांच्या यादीतून समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०मधेच काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर सांगितलं.

संध्यामठ, तुमच्या गोष्टीत डॉक्टर आहे का? असेल तर एक तपशील सांभाळा. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगानं गैरवर्तन ठरवलं ते २०२२ साली. तुमची गोष्ट २०१९ची. म्हणजे त्या वेळी आईनं कुणाकडं नेलं असतं तर गोळ्या लिहून देणारा भेटला असता, नाही असं नाही. तसंच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२मधे सुरू झाला, तो पात्राच्या तोंडी घालू नका. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जरूर छापा. मुलांसाठीचा १०९८ मात्र तेव्हाही होता.

आणि एक माझ्या खुर्चीतून दिसतं ते. माझ्याकडं पोराला घेऊन येणारी आई पहिल्यांदा झोपेबद्दल बोलते. 'झोपत नाही, चिडचिड करतो, मार्क घसरलेत.' मूळ मुद्दा तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो, तोही दाराच्या मुठीला हात लावल्यावर. तुमच्या तिसऱ्या साच्यातला दोन पानं भाषण देणारा डॉक्टर मला कुठं भेटलेला नाही. आम्हाला एवढा वेळच नसतो.

संध्यामठ

डॉक्टर नाहीये. होता, काढून टाकला. आता तर बरंच वाटतंय.

वकीलकट्टा

दोन कायद्याच्या गोष्टी. समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा कलम ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. म्हणजे तुमच्या गोष्टीच्या आदल्याच वर्षी. पेपरात पहिल्या पानावर आलेलं, त्यामुळं घरात तो पेपर आला होता आणि त्यावर कुणी काहीतरी बोललं होतं, हे सुजितच्या डोक्यात पक्कं असणार. काका जेवताना काय म्हणाला, बाप काय बोलला नाही, ते लिहा. पण लक्षात घ्या, तो निकाल सज्ञान माणसांचा. अठराच्या आतल्यांना पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागतो, मुलगा-मुलगी हा भेद न करता, आणि 'दोघांची संमती होती' हे तिथं चालत नाही. दोघं सतरा वर्षांचे आहेत. गोष्ट ओढीची, मैत्रीची आणि भीतीची ठेवलीत ते उत्तम, तेवढीच ठेवा.

दुसरं, हक्कसोड पत्र. ते नोंदणीकृत लागतं, दुय्यम निबंधकाकडं आत्याला स्वतः यावं लागतं, नाहीतर कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं. आजोबांच्या मागं मुलीचा वाटा मुलांइतकाच. हे आत्याला कुणीतरी सांगितलेलं दाखवा. मला आत्या हे पात्र फार आवडलं. या अख्ख्या घरात 'सही कर, उगं वाढवू नको' हे जिला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलंय ती तीच. सुजितला उद्या हेच वाक्य दुसऱ्या कारणासाठी ऐकवतील.

संध्यामठ

वकीलसाहेब, हे शेवटचं वाक्य माझ्या वहीत होतं, तुमच्या हाती कसं लागलं!

पेपरचं खरंच लिहिलंय. काका मोठ्यानं बातमी वाचतो, आजी विचारते 'म्हणजे काय रे?', बाप म्हणतो 'आई, आमटी वाढ.'

आईसाहेब_६१

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा गे आहे. आता तो तिशीत आहे, बेंगळुरूला असतो. आम्हाला कळलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कोल्हापुरातलंच आमचं घर, दीरजावा सगळे एकत्र.

काकू बाहेर काढेल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या जावेला माझ्याआधी माहीत होतं, हे मला फार नंतर समजलं. आमचं दोघींचं कधीच पटलं नाही. गॅसच्या सिलिंडरवरून, पाहुण्यांच्या साड्यांवरून, कशावरूनही वाजायचं. पण त्या गोष्टीचा तिनं कधी शब्द काढला नाही. भांडणात मी तिला काय काय बोलले, तरी नाही. ज्यानं काढला तो माझा सख्खा भाऊ. पैशाच्या व्यवहारावरून बोलाचाली झाली आणि तो फोनवर म्हणाला, 'आधी स्वतःच्या पोराकडं बघ.' एवढंच. त्याच्यापुढं मला काही ऐकूच आलं नाही.

म्हणून म्हणते, काकूला खलनायिका करू नका. बायका एकमेकींच्या पोरांच्या बाबतीत एक हद्द पाळतात. सगळ्याच पाळतात असं नाही म्हणत. पण जो तोडतो तो बहुतेक वेळा आपल्या बाजूचा निघतो, ज्याच्यावर नजर ठेवायचं तुमच्या मनातच येत नाही.

आणि मुलाच्या बाबांबद्दल. ते काही महिने त्याच्याशी फक्त गाडीबद्दल बोलायचे. हवा भरली का, सर्व्हिसिंग कधी. मी वैतागायचे. आता वाटतं तेवढा एक धागा त्यांनी तुटू दिला नाही.

मी_मिरजेची

आईसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून कामच थांबलं माझं.

संध्यामठ, बहिणीला नुसती शोभेला ठेवू नका ही विनंती. घरात सगळ्यात आधी तिलाच कळणार. एकाच खोलीत अभ्यास करतात ना दोघं? आणि तिचं स्वतःचं गणित असतं. भावाचं बाहेर आलं तर तिच्यावर पहारे वाढणार, तिचं क्लासला जाणं बंद होणार. ती गप्प बसेल ते नुसत्या प्रेमापोटी नाही.

मुलींवरही कुणीतरी लिहा. दोन मुली गळ्यात गळे घालून महाद्वार रोडनं फिरल्या तरी कुणाला काही वाटत नाही, म्हणून लोकांना वाटतं आम्हाला मोकळीक आहे. पहिलं स्थळ आलं की कळतं किती मोकळीक आहे ते.

निवृत्त_मास्तर

शाळेत पस्तीस-एक वर्षं काढली म्हणून दोन शब्द. कोल्हापूर हे वसतिगृहांचंही गाव आहे. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ साली सुरू झालं, पुढं महाराजांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढून दिली. राधानगरी, भुदरगड, चंदगडकडची पोरं अजून शिकायला इथंच येतात. तुमचा ओंकार तसला करा. त्याला घर आठवड्यातनं एकदा, एसटीतनं आलेल्या डब्यात भेटतं. सुजितला घरात एकांत नाही आणि ओंकारला घरच नाही, असा ताण तयार होईल. शिवाय पुरात रस्ते तुटल्यावर बोर्डिंगातल्या पोराचं काय झालं असेल ही काळजी सुजितला उघडपणे बोलूनही दाखवता येणार नाही.

विषयाबद्दल माझं मत विचाराल तर मी अजून चाचपडतोय. पण वर्गात अशी मुलं होती, हे मला मागं वळून बघताना दिसतं. त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या कपाटात काही नव्हतं.

वाचनवेडी

मास्तर, कपाटावरनं आठवलं. बिंदुमाधव खिरे (पुण्यात समपथिक ट्रस्ट काढणारे) यांची 'पार्टनर' नावाची कादंबरी आहे, याच विषयावरची. कॉलेजात असताना एका वाचनालयात धीर गोळा करून मागितली. काउंटरवरच्या काकांनी वपुंची 'पार्टनर' काढून दिली आणि वर 'छान निवड आहे हो' म्हणाले. दुसरी मागायची हिंमत झाली नाही. वपु वाचून परत केलं.

कट्टा_भडंग

😂😂 हा प्रसंग कादंबरीत पाहिजेच.

तिकटी

वर एका ओळीत उत्तर दिलं, आता नीट लिहितो. मी राधानगरीकडचा. गे. वय छत्तीस. पुण्यात असतो, आणि हो, रातोरात एसटी धरून आलो नव्हतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून आई-बापानं पेढे वाटून पाठवलं होतं.

आमच्या घरात मला कुणी हाकललं नाही आणि कुणी कवटाळलंही नाही. 'थांब' म्हणाले. आधी तायडीचं लग्न होऊ दे. मग तायडीचं बाळंतपण. मग आज्जीचं वर्षश्राद्ध. मग थोरल्या चुलत्याच्या पोरीचं जमतंय, आत्ता काही काढू नको. प्रत्येक कारण खरं होतं, हे लक्षात घ्या. कुणीही खोटं बोलत नव्हतं. संध्यामठ म्हणतो तसं घराला शंभर उद्योग असतात आणि आपला नंबर कायम शेवटी. मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. भांडायला तरी कुणीतरी समोर पाहिजे.

आता कादंबरीबद्दल. तुमचा सुजित मला आत्तापर्यंत फार गुणी वाटतोय. सतराव्या वर्षी मी अतिशय वाईट वागायचो. आईला तोडून बोलायचो, बहिणीच्या वस्तू फोडायचो, वर्गातल्या एका बायकी म्हणून चिडवल्या जाणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त मीच चिडवायचो, म्हणजे माझ्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये. तसलं काहीतरी सुजितकडनं करवा. वाचणाऱ्या पोरांना तो खरा वाटेल.

दुसरं, ओंकारचा मेसेज काय होता ते सांगितलंच नाहीत. सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तो उतारा टाका की इथं.

मी_मिरजेची

+१ उतारा टाका.

सुज्ञ_पालक

तिकटी, तुमचा प्रतिसाद वाचला. मी वरती लिहिलं ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. पोरांच्या हातात द्यायचं की नाही यावर मत तेच आहे, पण उतारा वाचायला आवडेल.

संध्यामठ

मंडळी, कच्चा खर्डा आहे. काकाचा फ्लॅट, पुराचा तिसरा दिवस, सोसायटीच्या इन्व्हर्टरवर एकच बोर्ड चालू.

'बोर्डाखाली टीपॉयवर सगळ्यांचे मोबाईल ओळीनं लावलेले. काकू एकेक उचलून बघत होती.

"ह्यो कुणाचा? नव्वद झालाय, काढा की आता. भाऊजींचा लावायचाय."

सुजितचा होता. तो उठायच्या आत तिनं वायरीला हात घातला आणि तेवढ्यात स्क्रीन उजळली. काकू वाचायला थांबली असं म्हणता आलं नसतं. पण वायर काढायला एवढा वेळ लागत नाही.

"क्लासचा पोरगा हाय व्हय ह्यो? ओंकार?"

"हं."

"जेवलास काय विचारतोय."

"हं."

"मग सांग की जेवलो म्हणून. वाट बघत असंल." तिनं मोबाईल पालथा करून त्याच्या हातात दिला आणि पुढचा उचलला. "आणि असा उघड्यावर टाकत जाऊ नको. धा जणांचे हात लागतात हितं."

बाल्कनीत जाऊन त्यानं मेसेज उघडला. दोन ओळींचा होता. काकूनं पहिलीच वाचून दाखवली होती.

मागं पायऱ्यांवर धाकटी बसली होती, मांडीवर भूगोलाचं पुस्तक उघडं टाकून. "बघू नको माझ्याकडं," ती म्हणाली. "मी काय सांगत बसलो नाही कुणाला."

"काय सांगत बसली न्हाईस?"

"काय न्हाई. जा, आत बोलवायलेत."'

आईसाहेब_६१

दुसरी ओळ काय होती ते कळू देऊ नका. आणि ही काकू मला पटली. हिनं बाहेर काढलं तर मला वाईट वाटेल, पण तुम्ही म्हणाल तर विश्वास ठेवेन.

तिकटी

लई भारी. 'वाट बघत असंल' हे जरा गोड होतंय का? पुरात अडकलेल्या बाईला इतकं सुचत नाही. ते काढून बघा.

मी_मिरजेची

नको! तेच ठेवा. तेवढ्या तीन शब्दांनी तिनं दुसरी ओळ वाचलीय हे सांगितलंय.

तिकटी

हं. पुन्हा वाचलं. मग 'एवढा वेळ लागत नाही' काढा. दोनदा सांगायची गरज नाही.

वकीलकट्टा

मला आता असं दिसतंय. दिवाळीत वाटणीची बैठक. आत्या गडहिंग्लजहून आलेली. सही करायला ती नाही म्हणते. काका चिडून सुजितच्या बापाला काहीतरी टाकून बोलायला तोंड उघडतो. म्हणजे काकूनं नवऱ्याला सांगितलं होतं, किंवा त्यालाही कुठूनतरी कळलं होतं. आणि काकूच त्याला मधे तोडते, 'चहा घेणार कोण कोण?' वाचकाला कळतं, सुजितला कळतं, आत्याला बहुतेक कळतं. बापाला कळलं की नाही, ते जॉबवर्कवाल्यांच्या खणात.

जॉबवर्कवाला

खण कुलपाचा असतो बरं का. किल्ली बापाच्या कमरेला.

निवृत्त_मास्तर

वकीलसाहेब, पण मग काका नुसता दुष्ट उरतो. त्यालाही काही द्या. पुरात भावाचं सगळं खटलं त्यानंच ठेवून घेतलं होतं ना? आठ-दहा माणसांचं खाणं-पिणं, पाण्याचे टँकर, सगळं त्याच्या खिशातनं. ते कुणीच बोलून दाखवलं नाही याचा राग त्याच्या पोटात असणार.

संध्यामठ

मास्तर, हे मोठं आहे. मी काकाला पुरानंतर सोडूनच दिलं होतं. त्याचा हिशोब वहीत लिहून ठेवलेला असेल का? टँकर इतके, खिचडीचे तांदूळ इतके? आणि ती वही तो बैठकीत काढतो.

कट्टा_भडंग

आमच्या चुलत्यानं काढली होती. त्यात मेणबत्त्यासुद्धा लावलेल्या.

संध्यामठ

मग काढतोच. दिवाळीच्या बैठकीचं प्रकरण नव्यानं लिहितो, वकीलसाहेबांचा चहा आणि काकाची वही दोन्ही घेऊन. आत्याची सही होणार नाही एवढं पक्कं. तिकटी म्हणतो ते चिडवण्याचं प्रकरणही घालतोय, क्लासमधल्या पोरावर, पुराच्या आधीच. ते झालं की इथं टाकतो, गणपतीपर्यंत धीर धरा.

मी_मिरजेची

काकूला नाव दिलंय का?

संध्यामठ

वैशाली.

मी_मिरजेची

बदला. प्रत्येकाच्या घरात एक वैशालीकाकू आहे, उद्या सगळ्या फोन घेऊन बसतील.

कट्टा_भडंग

आमच्याकडं दोन आहेत. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही.